कबर कुणाची?

आज शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाचा पाचवा अंक वाचताना एका जागी अडकले. कबर खणली जातेय आणि हॅम्लेट खणणाऱ्याशी निवांत गप्पा मारतोय. कबर ओफेलियाची, त्याच्या प्रेयसीची आहे, हे त्याला ठाऊकच नाही!

पडद्याआड राजा, म्हणजे त्याच्या बापाचा खून करणारा काका, आहे असं समजून त्याने तलवार खुपसली, मेला तिचा बाप. मग ती भ्रमिष्ट झाली, पाण्यात बुडाली. आणि इंग्लंडच्या वाटेवरून परत आल्यावर हा तिची साधी चौकशीही करत नाही. फार लागलं मला ते.

दोन जुन्या मित्रांना मरणाच्या दारी धाडलं, त्याचीही टोचणी नाही.

सुडाचं हे सगळं सुरू झालं होतं बापावरच्या मायेतून ना? मग काका सोडून बाकीची माणसं त्याला दिसेनाशी कधी झाली?