पट्टा नवा, तरी आवाज तोच

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमागवाल्या मालकांची डिझेल गाडी मे महिन्यात गॅरेजला आली. "मिस्त्री, सकाळी चालू केली की नुसती किंचाळतीय. पट्टा दोनदा बदललाय. तुम्ही जरा ताणून द्या."

त्यांच्या मागाचा पट्टा ढिला झाला की ताणतात, म्हणून गाडीलाही तोच न्याय. या गाडीत ताणायला काही नसतं, स्प्रिंगचा टेन्शनर आपोआप ताण धरतो. बॉनेट उघडलं तर पट्ट्याला साबण चोळलेला. याची मला भयंकर चीड येते. आवाज चार दिवस दबतो, धूळ मात्र खाचांत घट्ट बसते.

चालू इंजिनवर खाचांच्या बाजूने पाणी मारलं. आवाज क्षणभर जाऊन परत आला तर पुली एका रेषेत नाहीत, वाढला तर पट्टा घसरतोय. इथे वाढला. पण नवा पट्टा घसरेल कशाला? इंजिन बंद केलं, आणि थांबता थांबता परत एक 'चीं' आली. शिवाय आयडलिंगला टेन्शनरचा हात थडथडत होता. दोन्ही खुणा एकाच जागेकडे बोट दाखवतात : याच पट्ट्यावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरची वन-वे पुली.

डिझेलच्या प्रत्येक स्फोटाला क्रँक, म्हणजे पट्टा फिरवणारा इंजिनचा मुख्य दांडा, हिसका देतो, फेऱ्याफेऱ्यात वेग कमी-जास्त होतो. अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरता भाग, जड; त्याला पटकन मंदावता येत नाही. म्हणून पुलीत वन-वे क्लच असतो : पट्टा मंदावला तरी रोटर आपला फिरत राहतो. क्लच जाम झाला की तो सगळा हिसका पट्ट्यावर येतो. सकाळी सेल्फ मारल्यावर बॅटरी जास्त चार्ज ओढते, अल्टरनेटरवर लोड येतो, म्हणून तेव्हा जास्त ओरड.

पट्टा उतरवला, जाळीतून स्क्रूड्रायव्हर घालून रोटर अडवला आणि पुली मालकांच्याच हातात दिली. दोन्हीकडे घट्ट. "अहो, ही तर सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एका बाजूला मोकळी पाहिजे की!" ते लगेच म्हणाले. पुलीचं ज्ञान त्यांना कुणी शिकवायला नको.

आणि पुलीवरची प्लॅस्टिकची टोपी गायब होती. विचारलं तर गेल्या वर्षी कुठेतरी अल्टरनेटरचं बेरिंग बदललेलं. पुली काढायला टोपी काढावीच लागते. काम झाल्यावर ती परत दाबून बसवायला कितीसा वेळ लागतो? कारखान्याच्या आवारात उभ्या गाडीत धूळ आणि सुताचं तूस थेट क्लचमध्ये गेलं असणार. त्यानंतर ज्यांनी ज्यांनी पट्टा बदलला, त्यांतल्या एकानेही पुली हाताने फिरवून पाहिली नाही.

नवी पुली बसवली, टोपी दाबली. पट्टा धुऊन वाळवला, खाचांना गेज लावलं. झीज नव्हती, तोच चढवला. एसी, हेडलाइट, ब्लोअर सगळं लावून पाहिलं, आवाज नाही.

टेन्शनरच्या बुशला मात्र प्ले, म्हणजे ढिलेपणा, आलाय. एवढे दिवस हिसके खाल्ले, दुसरं काय होणार? मालक म्हणाले, "आवाज गेला ना, मग राहू द्या पुढच्या सर्व्हिसला." याच पट्ट्यावर त्या गाडीचा वॉटर पंपही चालतो, पट्टा निसटला तर इंजिन तापणार, आणि ते माल दाखवायला हैदराबादला जातात. बिलावर ठळक लिहून दिलंय, तरी मनाला पटलेलं नाही. या आठवड्यात परत फोन करणार आहे.