पाण्याखालचा रस्ता

आई भारतातून आली की तिला काय दाखवायचं, हा प्रश्न नॉर्थ डकोटात राहणाऱ्या माणसाला दुसऱ्याच आठवड्यात पडतो. न्यूयॉर्कवाल्यांकडे पुतळा आहे, सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांकडे पूल आहे. आमच्या मायनॉटच्या चहूबाजूंनी गहू, पिवळीधमक कनोला आणि वारा. गाडीत बसून तासभर हे बघितल्यावर आई म्हणाली, "बघायला काय न्हाई रं, पर दिसतंय लांबपतुर." मग मी तिला मास्तरांच्या हवाली केलं.

मास्तर म्हणजे आमचे शेजारी. ऐंशी ओलांडलेले, जन्मभर शाळेत गणित शिकवलेले, आणि त्याहून जास्त काळ मासे धरलेले. त्यांचं नाव आईच्या जिभेवर बसेना, म्हणून तिने पहिल्याच दिवशी त्यांचं मास्तर केलं. त्यांना ते इतकं पटलं की हल्ली मला फोन करतात तेव्हा "मास्तर हिअर" असं म्हणतात. दोघांची एकमेकांशी बोलायची भाषा हात, डोळे आणि मी.

तासा-दीड तासावर सकाकविया नावाचा जलाशय आहे. मिझुरी नदीवर 1947 ते 1953 या काळात गॅरिसन धरण बांधलं, त्याचं हे पाणी. धरण मातीचं, भिंत जवळजवळ साडेतीन किलोमीटर. फुगवटा मात्र 285 किलोमीटर लांब, म्हणजे पुण्याहून निघालेला माणूस सोलापूर गाठून वर तीसेक किलोमीटर पुढे जाईल, एवढा. मी हे आकडे आईला कौतुकाने सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाचं बुडालं?"

बाहेरचा माणूस धरण बघतो तेव्हा भिंतीची उंची विचारतो. आई उजनीची धरणग्रस्त आहे. तिचं माहेर पळसदेवच्या बाजूला, भीमेच्या काठावरचं. पाणी आलं तेव्हा घरातल्यांनी तुळया, दारं आणि चौकटीसुद्धा उपसून वर नेल्या. आजही तिच्या भावाच्या घराला जुन्या वाड्याचंच दार आहे, फक्त नव्या भिंतीत ते फार मोठं दिसतं.

तर, कुणाचं बुडालं? मॅन्डन, हिडाट्सा आणि अरिकारा या तीन जमातींचं. नदीकाठची त्यांची दीड लाख एकरांहून जास्त जमीन गेली, शेतीची तर जवळजवळ सगळीच. 1948 साली वॉशिंग्टनमध्ये करारावर सह्या होताना त्यांचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट तोंडावर हात धरून रडताहेत, असा एक फोटो आहे. मी तो आईला मोबाइलवर दाखवला. तिने बराच वेळ बघितला. म्हणाली, "शेजारचा बघ कसा सही करतोय, मान खाली घालून." मी तो फोटो आधी अनेकदा बघितला होता. माझं लक्ष कधी सही करणाऱ्याकडे गेलं नव्हतं.

असो. सांगायचं होतं ते मासेमारीचं.

पहाटे पाचला आम्ही वॅन हुक आर्मवर पोचलो. आर्म म्हणजे जलाशयाचा एक फाटा. उन्हाळ्यात वॉलआय या माशासाठी अख्ख्या राज्यात याचं नाव आहे. धक्क्यावर बोटी उतरवणाऱ्यांची रांग. ट्रेलर उलटा पाण्यात घालणं ही इथली खरी परीक्षा. स्टिअरिंग उजवीकडे वळवलं की ट्रेलर डावीकडे जातो, नवरा गाडीत, बायको पाण्यात गुडघाभर उभी, आणि दोघांचे आवाज चढत जातात. आमच्या पुढचा गडी चौथ्यांदा वाकडा गेला तेव्हा आई म्हणाली, "आपल्याकडची पोरं उसाची ट्रॉली घेत्यात मागं, एक हात खिडकीबाहीर काढून." हे मास्तरांना भाषांतर करून सांगितलं, तर ते गाडीतून उतरून त्या माणसाला सांगायला निघाले. मी थांबवलं.

वॉलआय हा मासा मला आता कुठे थोडा कळायला लागलाय. त्याचे डोळे काचेच्या गोट्यांसारखे, दुधाळ. मांजराच्या डोळ्यात असतो तसा चमकदार पडदा त्यांच्यामागे असतो, त्यामुळे अंधुक उजेडात त्याला छान दिसतं आणि भर उन्हात त्रास होतो. म्हणून तो पहाटे नि संध्याकाळी उथळात येतो, दुपारी खोलात जातो. वाऱ्याने पाणी खळबळलं की उजेड खाली कमी पोचतो, तेव्हा तो दिवसाही धीट होतो. काच झालेलं शांत पाणी बघून मी खूश होतो आणि मास्तर तोंड वाकडं करतात, त्याचं कारण हे.

बास या दुसऱ्या माशाचं गणित निराळं. इथला बास म्हणजे स्मॉलमाउथ जातीचा. दगड दिसले की तो तिथं असणार. सकाळचा पहिला तास मास्तर खडकाळ टोकाशी रबरी आमिष टाकत बसतात. बास लागला की लपाछपी नाही. गळ गिळतो, सरळ हवेत उडी मारतो, डोकं झाडतो. नुकतं जुंपायला घेतलेलं खोंड जसं दावं ओढतं, तसा. आईने पहिली उडी बघून दोन्ही हातांनी बोटीचा कठडा धरला आणि "अगं बया!" म्हणाली. मास्तरांनी त्याला गळातून सोडवलं, पाण्यात धरून कल्ले हलताहेत हे बघितलं आणि सोडून दिलं. हे आईला अजिबात पटलं नाही. "एवढं भांडून धरला आन् सोडला?" तिच्या हिशोबात धरणं आणि खाणं यांच्यामध्ये दुसरं काही नसतं. लहानपणी भीमेत पदर पसरून चिंगळ्या धरणारीला खेळ म्हणून मासा धरणं कसं समजावणार? मला स्वतःलाही ते पूर्ण समजलेलं नाही.

मग ऊन वर आलं आणि आम्ही खोल पाण्याकडे वळलो. उन्हाळी वॉलआयचा सरंजाम साधा असतो. एल आकाराची तार, तिच्या उभ्या दांडीवर शिसं. मागे हातभर-दोन हात तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, त्यावर रंगीत मणी, फिरणारं एक पितळी पान आणि शेवटी गळाला गांडूळ. मोटर इतकी हळू की माणूस काठाने चालत पुढे निघून जाईल. तारेचं टोक तळाला टेकत टेकत जातं आणि त्याचं टक टक काठीतून हातात येतं. वाळू वेगळी लागते, गोटे वेगळे, चिखल तर लागतच नाही. आंधळ्याने काठीने रस्ता चाचपावा तसं हे काम. वॉलआय लागतो तोही बेतानेच. झटका नाही, काठी जड होते, एवढंच. ओलं फडकं अडकलं की काय असं वाटतं, आणि मग ते फडकं मान हलवतं.

मास्तरांच्या बोटीवर एक पडदा आहे, तळ दाखवणारा. आवाजाच्या लहरी खाली जातात, परत येतात, त्यांची रेघ उमटते. आईने त्याचं नाव टीव्ही ठेवलं. रेघ वरखाली होत चालली होती, आणि नऊएक मीटर खोलीवर ती एकाएकी सपाट, जाड, पिवळी झाली. दोन्ही बाजूंना छोटे खड्डे. मास्तरांनी बोट वळवली, त्या सपाट पट्ट्याला समांतर घेतली आणि म्हणाले, "रस्ता."

वॅन हुक हे गावाचं नाव होतं. फाट्याला नाव मिळालं, गाव पाण्याखाली गेलं. मास्तर त्या गावचे. ते शाळेत जायला लागले तोवर गाव हललं होतं. घरं चाकांवर घालून ओढत वर नेली, त्यांच्या वडिलांचं दुकानही तसंच गेलं. या रस्त्यावरून. आता त्याच्या दोन्ही अंगांच्या गटारांत उन्हाळ्यात वॉलआय बसतात, कारण तिथे कड आहे, सावली आहे आणि छोटे मासे कडेकडेने फिरतात. चांगला मासेमार म्हणजे नकाशावरचं जुनं जग पाठ असणारा माणूस: नदीचं जुनं पात्र कुठे वळतं, टेकडीचा उतार कुठे संपतो, कुणाच्या वावराचा बांध कुठे होता.

आईने पडद्याजवळ तोंड नेलं. "हा रस्ता कुठं जातुया?"

मी विचारलं. मास्तर म्हणाले, "घरी."

"आन् गाव उठलं ते कुठं गेलं?"

मास्तरांनी पश्चिमेकडे बोट दाखवलं. न्यू टाउन.

"म्हंजे?"

"नवं गाव," मी म्हणालो.

आईला हसू फुटलं. खळखळून हसली. "तुमच्यात पन नाव द्यायला कुनाला येळ न्हवता म्हनायचा!" आमच्याकडे तरी नव्याच्या पुढे जुनं नाव लावतात. मास्तरांना भाषांतर पोचलं तेव्हा तेही हसले आणि नेमकं त्याच वेळी त्यांचं शिसं कशाला तरी अडकलं. दुसरा कुणी तंगूस तोडून मोकळा झाला असता. मास्तरांनी बोट उलटी फिरवली, अडकलेल्या जागेच्या पलीकडे गेले, हलकेच झटका दिला आणि सोडवून घेतलं. "कुंपण," ते म्हणाले. कुणाचं ते त्यांनी सांगितलं नाही.

आम्हाला एकूण आठ वॉलआय मिळाले. माणशी पाचाची मर्यादा आहे, पण आईने मोजायचं बंद केलं होतं. धक्क्यावर बोटीचं बूच काढून सगळं पाणी सोडून द्यावं लागतं, नाहीतर दंड. कारण एका तळ्यातला उपद्रवी शिंपला दुसऱ्यात जातो. घरी मास्तरांनी बारीक लवचीक सुरीने मासे सोलले. दोन्ही बाजूंचे बिनकाट्याचे पांढरे तुकडे काढले, गालातले रुपयाएवढे गोळे काढले आणि डोकी बादलीत टाकली. आई बादलीकडे गेली, डोकी उचलून धुवायला लागली. मास्तर माझ्याकडे बघायला लागले.

"मास्तरला म्हनावं, मासा त्याच्या बायकूला दे. कालवन मी करते."

रात्री कांदा-खोबरं भाजून, काळा मसाला घालून डोक्यांचं कालवण झालं. मास्तरांनी घाम पुसत दोनदा घेतलं, बाजरीची भाकरी चमच्याने कापायचा प्रयत्नही केला. तुकड्यांबद्दल आईचं मत वाईट होतं. बिनकाट्याचा मासा म्हणजे दवाखान्यातलं जेवण.

आमच्याकडे जुलैत दहा वाजायला आले तरी उजेड असतो. मास्तर गेल्यावर आईने मामाला फोन लावला. तिकडे सकाळ होती. पहिला प्रश्न नेहमीचाच: धरण किती टक्के? मामा म्हणाला, अजून मायनसमध्ये आहे, पळसनाथाचं देऊळ पार उघडं पडलंय, पुण्याची माणसं होडीने बघायला येताहेत. आईने फोटो मागवला. आला. देवळाच्या शिखराकडे तिने बघितलंही नाही. डाव्या कोपऱ्यातल्या चिखलावर दोन बोटं ठेवून फोटो मोठा करत राहिली. मोठा केला की तो धूसर व्हायचा, मग परत लहान.

शेवटी फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, "मास्तरच्या टीव्हीवानी ह्यात खालचं दिसत न्हाई का रं?"