दहावीच्या वर्षी बर्क

परवा दुपारी घर शाकारायला आलेल्या गड्याने एक जुना वासा बोटाने ठोकून पाहिला आणि ‘हा राहू दे, पलीकडचा बदला’ असा निकाल दिला, तेव्हा मला एकदम अठराव्या शतकातला ब्रिटिश संसदपटू आणि विचारवंत एडमंड बर्क आठवला.

दहावीच्या वर्षी फ्रान्समधील राज्यक्रांतीवरचे त्याचे १७९० सालचे पुस्तक मी उघडपणे वाचत असे, कारण आमच्या घरात कादंबरी पकडली जाई, पण जाडजूड इंग्रजी पुस्तकाला अभ्यासच समजत. वाक्ये अशी की क्रियापदाशी पोहोचेतो कर्ता विसरायला होई. तरी गोडी लागली, कारण वर्गातले सगळे क्रांतीच्या बाजूचे होते (पंधराव्या वर्षी आणखी कोणत्या बाजूला असणार?) आणि हा गृहस्थ सांगत होता की जुन्या गढीच्या भिंती ढासळल्या असल्या तरी पाया शाबूत होता, त्यावरच पुन्हा बांधायचे होते, राज्याच्या दोषांकडे वडिलांच्या जखमेकडे जावे तशा हळव्या हातांनी जावे. फ्रान्सच्या राजाचा शिरच्छेद १७९३ मध्ये झाला, म्हणजे पुस्तक त्याच्या आधीचे, याचे तर मला भारीच अप्रूप.

फ्रान्सच्या राणीच्या अपमानासाठी दहा हजार तलवारी म्यानातून निघायला हव्या होत्या, हा त्याचा उमाळा मला तेव्हाही सोसत नसे. मात्र हाच माणूस बनारसचा राजा चैतसिंग आणि अयोध्येच्या बेगमा यांच्यावरील जुलमाचा जाब बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जला विचारतो, १७८८ पासून १७९५ पर्यंत खटला रेटतो आणि शेवटी हरतो, तिथे तो मला थोर वाटे, आजही वाटतो.

समाज म्हणजे हयात, मृत आणि अजून जन्मायच्या माणसांची भागीदारी, हे त्याचे म्हणणे कोकणात पटवून द्यावे लागत नाही. इथे सातबाऱ्यावर वारलेल्या चुलतआजोबांचे नाव तसेच असते, हयात हिस्सेदार मुंबईला असतात आणि बांधावरचा फणस लावणाऱ्याने तो नातवंडांसाठीच लावलेला असतो. पण याच मातीत खोतीही होती. कुळाने कसायचे आणि खोताने वसूल करायचे, हीसुद्धा पिढ्यान्‌पिढ्यांची चालत आलेली रीतच, आणि ती मोडण्याचे विधेयक डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात मांडले. गंमत अशी की १७ डिसेंबर १९४६ रोजी घटना समितीत, बळाने मिळवलेले टिकत नाही हे बजावताना त्यांनी आधार घेतला तो बर्कच्याच अमेरिकेविषयीच्या भाषणाचा. बर्क त्यांनी माझ्यापेक्षा फार नीट वाचला होता. महाडच्या चवदार तळ्याला १९२७ पर्यंत ज्यांना हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या आधी वारलेल्यांचा त्या भागीदारीतला हिस्सा कोणत्या सातबाऱ्यावर चढवायचा, हे मात्र त्या जाड पुस्तकात कुठेही सापडत नाही.