काचेमधला ब्लाइंड: फास सुटला, आता दोरीची पाळी

सुटला! डेकच्या दरवाजात दोन काचांच्या मध्ये सीलबंद असलेल्या ब्लाइंडची डावी बाजू एकदाची वर आली. मागचं वाचलेल्यांना आठवत असेल, उचलायचा स्लायडर सरकवला की उजवं टोक चढायचं आणि डावं तिथेच लोळत राहायचं.

बाहेरचा स्लायडर काचेतून मॅग्नेटने आतली छोटी गाडी ओढतो आणि ती गाडी दोऱ्या ओढून ब्लाइंड उचलते. त्या मॅग्नेटवरचा संशय आधीच फिटला होता. बाहेरचा स्लायडर पार टोकाला नेऊन सावकाश परत आणला की निसटलेली आतली गाडी टक्‌ करून पुन्हा चिकटते, तशी ती चिकटली. म्हणजे पकड शाबूत, घोळ दोरीत. अंधार पडल्यावर काचेला टॉर्च तिरका लावून पाहिलं, तेव्हा तो दिसला: डावी उचलदोरी ढिली पडून वरून सातव्या पट्टीच्या टोकाला फास घालून बसली होती. गाडी कधीतरी सुटून ब्लाइंड धाडकन खाली आला असणार, त्याशिवाय इतकी ढील येत नाही.

आता बाहेरून करणार काय? पट्ट्या ॲल्युमिनियमच्या, दोरी पॉलिएस्टरची. कितीही तगडा निओडिमियम मॅग्नेट आणा, दोन्ही ढिम्म. म्हणून दोन काचांमधलं सील कापायचा बेत होता. पण सील एकदा कापलं की बाहेरची दमट हवा आत शिरते, स्पेसरमधले (दोन काचांमध्ये कडेने बसवलेल्या पोकळ पट्टीतले) ओलावा शोषणारे दाणे भरून जातात आणि पहिल्या कडक थंडीत काच आतून धुरकट होते. मन धजेना. मग सुचलं, दोरी ज्या वजनाने अडकली त्याच वजनाने सुटू दे. काच उलटी करायची!

आतल्या बाजूच्या फ्रेमवरच्या प्लास्टिकच्या टोप्या काढल्या, स्क्रू सोडले, बाहेरच्या फ्रेमचं जुनं सीलंट रुंद पुटी नाइफने कापलं. ऑसिलेटिंग टूल (थरथरत्या पात्याचं कापायचं यंत्र) इथे अजिबात नको. दरवाजाची काच टफन्ड असते. मधोमध बुक्की सोसेल, पण कडेला टवका उडाला की सगळी भुगा. आमची काच २२ बाय ६४ इंच, ३ मिमीच्या दोन काचा, म्हणजे नुसत्या काचेचंच वजन १४ किलोच्या आसपास. सक्शन कप हवेत, दुसरा माणूस हवा आणि खाली गालिच्याचा तुकडा गुंडाळलेली लाकडी पट्टी हवी.

उलटी धरताच पट्ट्या सळसळत दुसऱ्या टोकाला गेल्या, पण फास तसाच. कडेच्या स्पेसरवर तळव्याने हलकेच थोपटत राहिलो. फास थोडा रुंदावला, पट्टीच्या कोपऱ्यावर अडला आणि मग अलगद घसरला. सरळ करून स्लायडर लावला, खालची पट्टी दोन्हीकडून एका रेषेत वर! किती वेळा वरखाली केलं, विचारू नका.

मात्र जिथे फास होता तिथे दोरी पिंजली आहे, टॉर्चमध्ये तंतू स्पष्ट दिसतात. ती तुटणार. दुकानवाला एकच सांगतो, अख्खी काच बदला. एका दोरीसाठी धडधाकट काच कचऱ्यात घालणं मला पटत नाही.

म्हणजे सील कापणं टळत नाही, फक्त मुहूर्त बदलतो. वसंतात करायचं ठरवलं होतं, पण हे लिहिता लिहिता वाटतंय, जानेवारीच बरा. न्यू जर्सीच्या थंडीत हीटर चालू असलेल्या घरातली हवा कोरडी ठणठणीत असते, आत कोंडायला तीच हवी. स्पेसरमध्ये ३ए मॉलिक्युलर सीव्हचे (ओलावा शोषणारे) ताजे दाणे, मग सील करायला आधी ब्युटिल हे चिकट रबरी सीलंट, वरून न्यूट्रल सिलिकोन. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकोन घेऊ नका, ते ब्युटिलला खातं.

तोवर ब्लाइंड खालीच ठेवून फक्त पट्ट्या तिरक्या-सरळ करतोय. इतकी बारीक, विणलेली पॉलिएस्टर दोरी कोणाला सुटी मिळाली आहे का? जुनीचा तुकडा हातात येईपर्यंत जाडी मोजता येणार नाही, तेव्हा दोन-तीन मापांची आणून ठेवावी म्हणतो.