डिफर झालेल्यांनी कॉलेजला लिहायचं पत्र

अमेरिकेतल्या कॉलेजांना नोव्हेंबरात केलेल्या 'अर्ली' (नेहमीच्या फेरीआधीच्या) अर्जाचं उत्तर साधारण डिसेंबरच्या मध्यावर येतं. 'डिफर्ड' असं आलं तर तुमचा अर्ज नेहमीच्या फेरीत पुन्हा वाचला जाणार असतो आणि निकाल मार्चअखेरीस कळतो. वेटलिस्ट ही वेगळी भानगड, तिची इथे गल्लत नको. अर्ज 'अर्ली डिसिजन'चा (प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं, अशा बंधनाचा) असेल तर डिफर होताच त्याचं बंधनही सुटतं, म्हणजे जानेवारीत दुसरीकडे 'अर्ली डिसिजन २' (तशाच बंधनाची दुसरी फेरी) करायला मोकळीक असते.

अजूनही यायचं आहे हे सांगणारं पत्र लिहायला बसण्याआधी कॉलेजचं अर्जाचं पोर्टल आणि डिफरचा ईमेल शब्द न् शब्द वाचा. काही कॉलेजं पत्र मागतात, काहींचा ठरलेला फॉर्म असतो (एमआयटीचा फेब्रुवारीतला 'अपडेट्स अँड नोट्स' फॉर्म), तर काही स्पष्ट सांगतात की जादा काही पाठवू नका. नको म्हटलं असताना पाठवलेलं पत्र एवढंच सांगतं की तुम्ही सूचना वाचत नाही. कॉलेजच्या 'कॉमन डेटा सेट'मधला (प्रवेशाची वगैरे आकडेवारी ठरलेल्या नमुन्यात देणारा दस्तऐवज) सी-७ हा तक्ताही बघून घ्या. अर्जदाराच्या उत्सुकतेला तिथे किती वजन आहे ते त्यात लिहिलेलं असतं. 'विचारात घेत नाही' असं असेल तर प्रेमाचे उमाळे आवरा आणि फक्त नवी माहिती द्या.

आता पत्र वाचताना कॉलेजच्या मनात असलेला 'आमच्या संस्कृतीत बसता का' हा प्रश्न. बहुतेक पत्रं इथेच घसरतात, कारण त्यांत कॉलेजची स्तुती असते आणि ती तर त्यांच्याच वेबसाइटवरून उचललेली. प्राध्यापकाचं नाव आणि क्लबचं नाव टाकून काही सिद्ध होत नाही. नावं बदलली की तेच पत्र दहा ठिकाणी चालतं. संस्कृती म्हणजे तिथे रोजचं काम कसं चालतं ते. कोलोराडो कॉलेजात एका वेळी एकच विषय, साडेतीन आठवडे. 'मला एकाग्रता आवडते' हे वाक्य तिथे फुकट जातं. त्याऐवजी सुट्टीत सलग तीन आठवडे एकच काम केलं असेल, तर बाराव्या दिवशी कंटाळा आल्यावर काय केलंत ते लिहा. ब्राउनमध्ये सगळ्यांना सक्तीचे असे सर्वसाधारण विषय नाहीत. तेव्हा कुणी भाग पाडलेलं नसताना तुम्ही काय शिकायला घेतलंत आणि काय अर्ध्यावर सोडलंत, ते सांगा. सोडलेलं लिहायला मुलं घाबरतात, पण निवड खरी होती हे त्यातूनच कळतं. हॅवरफर्ड कॉलेजची ऑनर कोड (प्रामाणिकपणे वागण्याची नियमावली) विद्यार्थी दरवर्षी स्वतः मंजूर करतात. तिथे 'मी प्रामाणिक आहे' म्हणण्यापेक्षा गटातला एखादा वाद तुम्ही कसा मिटवलात ते दोन ओळींत जास्त बोलतं.

थोडक्यात, कॉलेजची एक पद्धत घ्या, तिला तुमचा एकच प्रसंग जोडा, आणि तो शक्यतो नोव्हेंबरनंतरचा असू द्या. जुन्या निबंधातलं पुन्हा वाढलेलं वाचणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं, कारण तो निबंध त्याच फाइलमध्ये असतो.

लांबी तीनशे ते चारशे शब्द, एक पान. पहिल्या दोन वाक्यांत आभार आणि अजूनही यायचं आहे हे. मग नवं काय घडलं ते, मग वरचा प्रसंग. 'प्रवेश मिळाला तर नक्की येईन' हे एकाच कॉलेजला, तेही खरं असेल आणि घरी खर्चाचं बोलणं झालं असेल तरच. निराशा आणि 'माझ्या मित्राला मिळाला' ही तुलना गाळा. कॉलेजने तारीख दिली नसेल तर जानेवारीच्या उत्तरार्धापर्यंत पाठवा आणि नंतर दर आठवड्याला ईमेल करू नका. पालकांनी फोन केला तर फायदा होत नाही, उलट मुलाला स्वतःला बोलता येत नाही असा समज होतो.

सहामाहीचे गुण शाळेने 'मिड-इयर रिपोर्ट'मधून पाठवायचे असतात. शाळेत समुपदेशक नसेल तर हे काम मुख्याध्यापकांकडे किंवा वर्गशिक्षकांकडे जातं आणि नेमकं तिथेच अडकतं, म्हणून सुट्टी संपताच त्यांना आठवण करा. गुण घसरले असतील तर पत्रात एका वाक्यात कारण द्या, दुसरं वाक्य लिहू नका.