तुम्ही विचारलंत म्हणून : चुकीचा सूर लागला तर काय करता?

पेटी शिकायला येणारी मुलं, त्यांचे आईवडील, मैफल संपल्यावर भेटायला येणारे श्रोते, सगळे एक प्रश्न हमखास विचारतात. साथ करताना बोट चुकलं तर तुम्ही काय करता? मी हर्बी हॅनकॉकची गोष्ट सांगते.

हा शिकागोचा जाझ पियानोवादक. १९६०च्या दशकात तो ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या संचात होता आणि तिथं त्याचं बरंचसं काम माझ्यासारखंच, साथीचं. युरोपात एक मैफल रंगली होती. ड्रम्सवर टोनी विल्यम्स, ‘सो व्हॉट’ ही रचना चाललेली. आपल्या भाषेत सांगायचं तर पांढरी दोनमधला, म्हणजे दुसऱ्या पांढऱ्या पट्टीला षड्ज मानून, काफी थाट. मध्ये आठ बार (चार-चार मात्रांचे गट) तोच थाट काळी दोनवर चढतो आणि पुन्हा खाली येतो. माइल्सचा ट्रम्पेट अगदी भरात आला आणि नेमका तेव्हाच हर्बीचा हात भलत्याच कॉर्डवर, म्हणजे एकदम वाजवायच्या स्वरांच्या जुळणीवर, पडला. तो स्वतः सांगतो, त्यानं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. माइल्स श्वासभर थांबला आणि त्यानं असे काही स्वर काढले, की ती कॉर्ड तिथं शोभायला लागली. हे कसं झालं ते हर्बीला कितीतरी वर्षं उमगलं नव्हतं. मग त्याच्या लक्षात आलं, की माइल्सनं ती चूक म्हणून ऐकलीच नव्हती. एक गोष्ट घडली, आता तिच्यासोबत पुढं जायचं, एवढंच त्यानं ऐकलं.

मी अडकते ती त्या कान झाकण्यावर. आमचंही अगदी तेच होतं. बोट चुकलं की कान मिटतो आणि पुढचं अख्खं आवर्तन हातातून जातं. मूळ चूक क्षणाची, नुकसान त्या मिटलेल्या कानाचं.

हे रागात जसंच्या तसं चालत नाही, तेही मुलांना सांगते. मारवा रागात पंचम वर्ज्य, तिथं तो लागला तर लागला, तो कुणाच्या बापाला सावरता येत नाही. तिथं पुढच्या स्वरावर लक्ष द्यायचं, बस. पण ठुमरीत वाट असते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ बाईंच्या साथीला होते. खमाजची ठुमरी. शुद्ध गंधारावर जायचं होतं, बोट कोमलवर घसरलं. मी हात आखडता घेतला, नुसता षड्ज धरून बसले. बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी तोच कोमल गंधार गळ्यात घेतला, जरा झुलवला, रिषभावरून षड्जावर उतरल्या आणि मुखडा घेताना शुद्ध गंधार असा लावला, की तबलजींच्या तोंडून ‘वाह’ निघून गेलं. नंतर मी माफी मागायला गेले तर म्हणाल्या, “ती मघाची जागा वाजव बघू पुन्हा.”

तेव्हापासून शिकवताना कुणाचं बोट चुकलं, की मी म्हणते, उचलू नकोस, भाता चालू ठेव. तो सूर पुरता ऐक. मग इथून घरी कसं जायचं, ते तू शोध. कधी पोरं पाचपाच मिनिटं त्या एका पट्टीवर बोट ठेवून बसतात. मी घाई करत नाही.