ऑलिव्हच्या दहा तुकड्यांची वजनवही

११ जुलै

ऑलिव्हचे दहा ब्लँक, म्हणजे पेन कातायचे लाकडी तुकडे, आज कुरिअरने आले. १९ मिमी चौकोनी, १४० मिमी लांब, चारही बाजूंनी मेणात बुडवलेले. कुरिअरसकट २,८०० रुपये पडले. इथे कोल्हापुरात पंचगंगेवरचा राजाराम बंधारा पाण्याखाली आहे, पुठ्ठ्याचं खोकं एका कोपऱ्यात भिजलं होतं, पण आतला माल ठीक.

एका तुकड्याची एक बाजू चाकूने खरवडून मेण काढलं आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. मधासारखा पिवळा रंग, त्यावर तपकिरी आणि जवळजवळ काळ्या शिरा, एक शीर सरळ जाता जाता गाठीपाशी वळसा घालून परत फिरलेली. नखाने दाबलं तर खूण उठत नाही. सागवानाच्या साधारण अडीचपट कडक लाकूड आहे हे, हातात घेतल्यावर पटतं. खरवडलेल्या जागेचा वास गोडसर, फळासारखा. सहा वर्षं शिसव, बाभूळ आणि चिंचेचे पेन कातल्यावर हे लाकूड पहिल्यांदा हातात आलंय.

ज्यांना घ्यायचंय त्यांच्यासाठी एक गोष्ट आत्ताच लिहून ठेवतो. ऑलिव्हचं झाड फळासाठी शेकडो वर्षं राखतात, सहसा तोडत नाहीत. ऑलिव्हच्या वस्तू कोरणाऱ्या बेथलेहेमच्या कारागिरांकडे येणारं लाकूड बहुतेक छाटणीचं. म्हणजे फांद्या, त्याही वाकड्यातिकड्या. म्हणून नक्षी इतकी सुंदर, आणि म्हणूनच तुकड्यात फांदीचा मधला गर सापडण्याची शक्यता जास्त. ब्लँकचं टोक बघा. वर्तुळांचं केंद्र, तो बारीक ठिपका, तुकड्यातच दिसत असेल तर तो बाजूला ठेवा, कितीही देखणा असला तरी. गराभोवतीच चीर पडते. माझ्या दहांत असे दोन निघाले, नंबर ९ आणि १०. विक्रेत्याला फोटो पाठवलेत.

दुसरं, परदेशातल्या कुणी ‘बॅगेतून आणतो’ म्हटलं तर आणू देऊ नका. २००३ च्या प्लांट क्वारंटाईन आदेशाखाली आयात लाकडाला फायटोसॅनिटरी, म्हणजे कीड-रोग नसल्याचं, प्रमाणपत्र लागतं, आणि ते असायलाच पाहिजे. इटलीच्या पुलियात २०१३ मध्ये झायलेला नावाचा जीवाणू सापडला आणि त्यानंतर तिथल्या ऑलिव्हच्या बागाच्या बागा वाळल्या. कागदपत्रं केलेल्या आयातदाराकडूनच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी.

१२ जुलै

पावतीवर ‘पूर्ण सुकलेले’ असं छापलंय. खात्री करायची तर वजन हवं, आणि घरचा स्वयंपाकघरातला काटा पाच-पाच ग्रॅमने उडी मारतो. म्हणून गुजरीत, सराफ कट्ट्यावर, मित्राच्या वडिलांच्या सोन्याच्या दुकानात गेलो.

‘‘लाकूड? ह्या काट्यावर?’’ काकांनी विचारलं.

‘‘काका, दोन दशांशांपर्यंत पाहिजे. दर आठवड्याला येईन.’’

त्यांनी आधी मलमलीच्या फडक्याने ताटली पुसली, तुकडा चिमट्याने नव्हे तर दोन बोटांनी अलगद मधोमध ठेवला, काचेचं दार लावलं आणि पंखा बंद करायला सांगितला. आकडा थांबेपर्यंत कुणी बोललं नाही. दहाही तुकडे त्यांनी तसेच केले, सोन्याला करतात त्याच पद्धतीने.

नंबर ४ सगळ्यात हलका, ४८.९१ ग्रॅम. नंबर ७ सगळ्यात जड, ५७.३४. बाकीचे ५० ते ५४ च्या मधे. माप सगळ्यांचं एकच. आठ-साडेआठ ग्रॅमचा फरक नुसत्या लाकडाच्या दाटपणाने पडणार नाही, त्यात पाणी आहे. १४० मिमीच्या तुकड्याचं घनफळ जेमतेम ५०.५ घन सेंमी. ७ नंबर पाण्यात सरळ तळाशी जाईल.

घरी येऊन लांबीच्या चारही बाजूंचं मेण खरवडलं, टोकांचं ठेवलं. टोकांकडून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने जातं, आणि टोक आधी सुकलं की तिथेच फाटतं. पेन्सिलीने नंबर घातले आणि कपाटाच्या वरच्या फळीवर, मधे काड्या ठेवून रचले.

२९ ऑगस्ट

सात आठवड्यांची वजनं वहीत आहेत, सगळी उतरवत नाही. ७ नंबर ५३.८० वर आलाय आणि अजून उतरतोय. २ आणि ३ नंबर तीन आठवडे हललेले नाहीत, ५०.९ आणि ५०.८.

४ नंबरपाशी काका थांबले. ‘‘हे वाढलंय की रे.’’

खरंच वाढलं होतं. ४९.४०. आला तेव्हापेक्षा अर्धा ग्रॅम जास्त. तो खरोखर सुकून आला होता आणि कोल्हापूरच्या हवेतलं पाणी त्याने पिऊन घेतलं. हे मी वहीत लिहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लावला नाही. ‘तीन आठवडे स्थिर म्हणजे सुकलं’ एवढंच धरून चाललो.

विक्रेत्याने ९ आणि १० चे पैसे परत केले. ओलाव्याबद्दल मात्र ‘नैसर्गिक लाकूड आहे’ एवढंच उत्तर. नैसर्गिक आहे हे मलाही माहीत आहे. पण ५७ ग्रॅमचा तुकडा सुकलेला म्हणून विकणं हा नव्याने शिकणाऱ्या माणसाचा घात आहे. तो आपला हात चुकला समजून लेथ विकून टाकेल.

५ सप्टेंबर

२ नंबर कातला. साध्या स्लिमलाइन किटसाठी, म्हणजे बारीक पेनाच्या तयार सुट्या भागांसाठी; लाकडाच्या आत ७ मिमीच्या दोन पितळी नळ्या. बुश, म्हणजे किती जाडीपर्यंत कातायचं ते दाखवणाऱ्या धातूच्या कड्या, उद्यमनगरात ज्यांच्याकडून करून घेतो त्यांनी नवीन जोडी दिली, ८.३ मिमी, मायक्रोमीटरने तपासून.

भोक पाडताना घाई करू नका. लाकूड तेलकट आहे, भुसा ड्रिलच्या खाचेत चिकटून गोळा होतो आणि तापतो, आणि तापलं की आतून तडकतं. मी ६०० आरपीएमच्या आसपास ठेवलं आणि दर १० मिमीला ड्रिल बाहेर काढून ब्रशने साफ केलं. दोन्ही भागांत तुकडा थोडा लांब ठेवून भोक आरपार न नेता शेवटचा भाग करवतीने कापला, म्हणजे पलीकडची कड उडत नाही. भोक ॲसिटोनने पुसलं, नळी पॉलिश पेपरने खरखरीत केली, मग अराल्डाइट.

कातायला मात्र हे लाकूड म्हणजे आनंद. धार केलेल्या स्क्यूखालून (तिरप्या पात्याच्या पटाशीखालून) लांब, लवचीक किस निघतो, पृष्ठभाग पेपर लावण्याआधीच चकाकतो. वर पातळ सुपरग्लूचे आठ हात. संध्याकाळी आईने त्या पेनाने दुधाचा हिशोब लिहिला.

२ फेब्रुवारी

आईने पेन माझ्यापुढे ठेवला. खालच्या नळीवर, क्लिपच्या विरुद्ध बाजूला, पितळी टोकापासून वर गेलेली चीर. केसाएवढी, साधारण १८ मिमी लांब, सुपरग्लूचा थर तिच्यावर पांढुरका होऊन उचललेला. बोटाला कळत नव्हती. भिंग धरल्यावर तळाशी पितळ चमकलं.

त्याच दिवशी सगळे उरलेले तुकडे घेऊन गुजरी गाठली. ३ नंबर, जो ऑगस्टमध्ये ५०.८ वर ‘स्थिर’ होता, आता ४८.२०. आणि ४ नंबर ४६.९०.

ऑगस्टमध्ये लाकूड थांबलं होतं ते सुकलं म्हणून नाही, बाहेरची हवाच तेवढी ओली होती म्हणून. दोघांची बरोबरी झाली होती. ऑक्टोबरनंतर हवा कोरडी पडली आणि लाकूड पुन्हा पाणी सोडायला लागलं. पाच टक्के ओलावा गेला तर हे लाकूड आडव्या अंगाने साधारण दीड टक्का आकसतं. पेनाच्या टोकाशी घेर २६ मिमी, म्हणजे जवळपास ०.४ मिमी कमी व्हायला पाहिजे. पण आत पितळ आहे, ते तसूभरही हलत नाही. टोकाला लाकडाची भिंत पाऊण मिलिमीटरसुद्धा नाही. आकसायला जागा नसलेलं पातळ लाकूड फाटणारच. चिंचेला आणि शिसवाला हे सहन झालं कारण ते तुकडे मी टिंबर मार्केटमधून वर्षानुवर्षं पडून असलेल्या जुन्या लाकडातले घेत होतो, आणि कातायचोही बहुतेक उन्हाळ्यात.

तेव्हा आपल्या भागात पावसाळ्यातलं स्थिर वजन धरू नका. जुलैत घेतलेला तुकडा पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये जिथे थांबेल तो त्याचा खरा आकडा. कोकणातल्या मंडळींना तर याहून जास्त थांबावं लागेल. घाई असेल त्यांनी हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून बघावं, पण दर आठवड्याला वजन करूनच, आणि टोकांचं मेण तसंच ठेवून. ओव्हनमध्ये घालू नका. एवढं दाट लाकूड बाहेरून आवळतं आणि आतून फाटतं.

२६ मार्च

४ नंबर सलग पाच आठवडे ४६.५ च्या आसपास. आज कातला. या वेळी टोकांनाही, किट दाबून बसवण्याआधी, सुपरग्लूचा एक हात दिला, म्हणजे उघड्या रेषांतून हवेचं पाणी आतबाहेर कमी होईल. ज्या गाठीपाशी शीर वळसा घालते ती बरोबर बोट टेकतं तिथे आली आहे. हा पेन काकांना दिला. त्यांनी तो आधी काट्यावर ठेवला, मग खिशात.

राजस्थानात २००८ च्या सुमारास इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हची लागवड सुरू झाली. तिथल्या छाटणीच्या मनगटाएवढ्या फांद्या कुणी मिळवल्या असतील तर मला जरूर कळवा. ओल्या आल्या तरी चालतील, फक्त टोकांना मेण लावून पाठवा.

७ नंबर आज ५०.१२. गेल्या आठवड्यापेक्षा ०.३ ने कमी, म्हणजे अजून हलतोय. त्याला हात लावत नाही. पुढचं वजन २ एप्रिलला.